एकाच खंडाचे म्हणून एकाच टाकीत?

आमच्या दंतवैद्यांच्या दवाखान्यात बाकासमोर काचेची एक मोठी टाकी आहे. निळे, पिवळे, केशरी मासे, मागे प्लास्टिकची झाडं, तळाशी रंगीत खडे. आपला नंबर येईपर्यंत बघत बसायचं. गेल्या खेपेला बसलो असताना लक्षात आलं, की गडद निळ्या रंगाच्या एकाच माशानं जवळपास सगळी टाकी अडवली आहे. बाकीचे मासे वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे दाटीवाटीनं थांबले होते. एकाची शेपटी कुरतडलेली होती. कुणी जरा खाली उतरलं, की निळा अंगावर धावून जायचा. शेजारी बसलेल्या आजी कौतुकानं म्हणाल्या, "किती छान पकडापकडी खेळतात ना!"

आत गेल्यावर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "टाकीवाला दर महिन्याला येतो. पाणी बदलतो, मेलेले काढतो, तेवढेच नवे सोडतो. कंत्राटच आहे तसं."

दवाखान्यात टाकी ठेवण्यामागे शास्त्र नाही असं नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ एरन कॅचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दातांच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णांना मत्स्यालयासमोर बसवून पाहिलं होतं. मासे बघितल्यानं त्यांची धास्ती कमी झाल्याचं आढळलं. आपल्याला शांत वाटतं हे खरं आहे. प्रश्न एवढाच, की काचेच्या पलीकडे काय चाललं आहे? तिकडे एक जण पहारा देतो आहे आणि बाकीचे जीव मुठीत धरून जगत आहेत. आपली शांतता त्यांच्या धास्तीवर उभी असेल, तर ती फार महाग पडते.

त्या टाकीतले मासे होते आफ्रिकन सिक्लिड. ॲक्वेरियमच्या दुकानात ते 'मिक्स आफ्रिकन' या नावानं एकाच टाकीत ठेवलेले असतात आणि नगावर विकले जातात. "हे भांडखोरच असतात, त्याला काय करणार," असं विकणाराही सांगतो आणि घेणाराही. माझं म्हणणं असं, की हे अर्धसत्य आहे. हे मासे आपापल्या जागेसाठी भांडतात, हे खरं. पण घरच्या टाकीत ते एकमेकांचा जीव घेतात, याचं मोठं कारण आपण लावलेली चुकीची संगत हे असतं. संगत ठरते ती दुकानात, रंग बघून, पाच मिनिटांत.

'आफ्रिकन' हा पत्ता नव्हे

सिक्लिड हे माशांचं प्रचंड मोठं कुळ आहे. त्यात दीड हजारांहून अधिक प्रजाती आहेत. आपल्या कोकण-गोव्याच्या खाड्यांतली कालुंदर याच कुळातली. उजनीच्या जलाशयात जाळ्यात येणारी चिलापीही याच कुळातली, आणि तीही मूळची आफ्रिकेची. दुकानात मिळणारा एंजल मासाही सिक्लिडच, पण दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला.

हौशी लोक ज्यांना 'आफ्रिकन' म्हणतात, ते बहुतेक पूर्व आफ्रिकेतल्या तीन सरोवरांतले असतात. मलावी सरोवरात सातशेहून अधिक प्रजाती आहेत, टांगानिकात दोनशेहून अधिक, आणि व्हिक्टोरियात एकेकाळी सुमारे पाचशे होत्या. यातल्या बहुतेक प्रजाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. मलावीचा मासा आणि टांगानिकाचा मासा निसर्गात कधी एकमेकांसमोर आलेले नाहीत. त्यांची पहिली भेट होते ती आपल्या दिवाणखान्यात. त्यामुळे 'दोघेही आफ्रिकन' या एका आधारावर त्यांना एकत्र ठेवणं म्हणजे दोन अनोळखी माणसांना 'दोघेही आशियातले' म्हणून एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावण्यासारखं आहे.

हे मी शहाणपणानं नाही, चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी मी घरी दोन फुटी टाकी आणली आणि दुकानदाराच्या सल्ल्यानं आठ 'मिक्स आफ्रिकन' सोडले. त्यातला एक पिवळाधमक, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा होता. घरातल्या सगळ्यांचा लाडका. तीन-चार महिन्यांत त्याचा पिवळा रंग जाऊन तो काळपट झाला. आम्हाला वाटलं, आजारी पडला. प्रत्यक्षात तो वयात आला होता. तो ऑराटस जातीचा नर होता. मलावीतल्या खडकाळ भागातल्या अतिशय आक्रमक माशांत त्याची गणना होते, आणि पिवळा रंग पिल्लांचा आणि माद्यांचा असतो, हे मला नंतर कळलं. तोवर टाकीत तो आणि आणखी एकच मासा उरला होता. सहा मासे मी एकेक करून गमावले आणि दर वेळी पाण्यात औषध टाकत राहिलो. रोग पाण्यात नव्हताच.

विचारायचे तीन प्रश्न

लग्न जुळवताना आपण घरदार, खाणंपिणं, स्वभाव असं सगळं विचारून घेतो. टाकीतले सोबती निवडतानाही तेच तीन प्रश्न विचारायचे असतात.

पहिला प्रश्न पाण्याचा. मलावीच्या पाण्याचा सामू साधारण ७.७ ते ८.६ असतो, टांगानिकाचा त्याहून जास्त, ९ च्या आसपास. म्हणजे दोन्ही पाणी अल्कधर्मी. ॲमेझॉनच्या एंजल माशाला किंवा निऑन टेट्राला हवं असतं ते हलकं, किंचित आम्लधर्मी पाणी. या दोघांना एकत्र ठेवलं तर एकाला तरी आयुष्यभर परक्या पाण्यात राहावं लागतं. गोल्डफिशला तर गार पाणी मानवतं आणि सिक्लिडना २४ ते २८ अंश सेल्सिअस. गंमत म्हणजे आफ्रिकन सिक्लिडमध्येही अपवाद आहेत. दुकानात सर्रास मिळणारा क्रिबेन्सिस पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरियाकडचा आहे. त्याच्या ओढ्या-नाल्यांचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. तो आफ्रिकन खराच, पण मलावीच्या टाकीत परकाच. आपल्याकडे धरणातून येणारं नळाचं पाणी बहुधा हलकं असतं आणि बोअरवेलचं बहुधा क्षारयुक्त, जड. त्यामुळे आधी घरचं पाणी तपासावं, मग मासा ठरवावा. सामू तपासायचं साधं किट ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतं. पाणी हलकं असेल तर टाकीत प्रवाळाचा किंवा शिंपल्यांचा चुरा घालून ते हळूहळू अल्कधर्मी करता येतं.

दुसरा प्रश्न खाण्याचा. मलावीच्या खडकांवर राहणाऱ्या माशांना तिथल्या टोंगा भाषेतल्या शब्दावरून 'म्बुना' म्हणतात. यातले बहुतेक दिवसभर खडकावरचं शेवाळ खरवडून खातात. शाकाहाराला साजेसं त्यांचं आतडं लांब असतं. त्याच सरोवरातले पीकॉक मासे वाळूवर तरंगत राहून डोक्यावरच्या संवेदी छिद्रांनी वाळूतल्या किड्यांची हालचाल टिपतात आणि ते उचलून खातात. लिव्हिंगस्टोनी नावाचा मासा तर मेल्याचं सोंग घेऊन तळाशी पडून राहतो, आणि बघायला आलेला लहान मासा गट्ट करतो. आता या तिघांना एकाच डब्यातलं एकच खाद्य घातलं तर काय होईल? प्रथिनांनी भरलेल्या, मांसाहारी खाद्यावर ठेवलेल्या म्बुनांचं पोट फुगतं, ते खाणं सोडतात आणि अनेकदा दगावतात. हौशी मंडळी याला 'मलावी ब्लोट' म्हणतात. चुकीचा आहार, ताण आणि खराब पाणी या तिन्हींशी या दुखण्याचा संबंध जोडला जातो, आणि चुकीच्या संगतीत ही तिन्ही एकत्र येतात.

तिसरा प्रश्न स्वभावाचा, आणि तो सर्वांत कमी विचारला जातो. सिक्लिड नर जागा धरतो. त्या जागेत येणाऱ्या प्रत्येकाला तो सारखंच वागवत नाही. आपल्यासारख्या रंगाच्या, आपल्यासारख्या अंगलटीच्या माशाला तो प्रतिस्पर्धी समजतो आणि त्याच्यावर जास्त तुटून पडतो. म्हणून दोन निळे, आडव्या पट्ट्यांचे नर लहान टाकीत एकत्र ठेवणं हे भांडणाला आमंत्रणच. नर-मादीचं प्रमाणही महत्त्वाचं. यातल्या अनेक प्रजातींत मादी अंडी आणि पिल्लं सुमारे तीन आठवडे तोंडात सांभाळते आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही. एका नरामागे एकच मादी असेल तर तो तिला उसंत देत नाही. एका नरामागे तीन-चार माद्या असल्या तर त्याचा जाच विभागला जातो. 'जोडी द्या' हा आपल्याकडचा लाडका आग्रह अशा प्रजातींच्या बाबतीत मादीच्या जिवावर उठतो.

मासे विसरत नाहीत

आफ्रिकन सिक्लिडना कमी समजण्याची चूक करू नये. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड यांनी टांगानिकाच्या परिसरातल्या बर्टोनी या सिक्लिडवर अनेक वर्षं काम केलं. या माशांत काही नर सत्ताधारी असतात, भडक रंगाचे आणि जागा धरणारे. बाकीचे फिके, दबून राहणारे. सत्ताधारी नर बाजूला केला, की दबलेल्यांपैकी एकावर काही मिनिटांत रंग चढू लागतो आणि तो गादीवर बसतो. २००७ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फर्नाल्ड आणि सहकाऱ्यांनी एका नराला पाच नरांच्या आपसातल्या लढती नुसत्या बघू दिल्या. कोण कुणाहून वरचढ, हे त्यानं पाहून ओळखलं, आणि ज्या दोघांची लढत त्याच्यासमोर झालीच नव्हती त्यांच्यातला दुबळा कोण, हेही त्यानं अनुमानानं ताडलं.

याचा टाकीशी सरळ संबंध आहे. पहिली गोष्ट म्हणजे, एका गुंडाला बाहेर काढलं की शांतता होते हा भ्रम आहे. दुसरा तयारच असतो. दुसरी गोष्ट, महिन्याच्या कंत्राटात मेलेल्याच्या जागी नवा मासा सोडणं म्हणजे ठरलेल्या उतरंडीत सगळ्यांत तळाचा, कुणालाही ठाऊक नसलेला जीव टाकणं. त्याला लपायला जागाही ठाऊक नसते. नवा मासा आणायचाच असेल, तर आधी टाकीतले दगड हलवून सगळी मांडणी बदलावी. त्यानं जुन्या हद्दी मोडतात आणि सगळ्यांनाच नव्यानं सुरुवात करावी लागते. दिवे काही वेळ बंद ठेवून आणि एकाऐवजी तीन-चार मासे एकत्र सोडूनही नव्यांवरचा भार कमी करता येतो.

गर्दीचा उपाय आणि त्याची किंमत

इथे जाणकार हौशी माझ्याशी वाद घालतील. ते म्हणतील, एवढं कशाला? टाकीत मासे भरपूर भरा, म्हणजे कुणालाच जागा धरता येत नाही आणि मार एकावर न पडता वाटला जातो. यात तथ्य आहे. मलावीच्या टाक्यांत ही युक्ती जगभर वापरली जाते आणि तिचा उपयोगही होतो. पण मला ती नवशिक्याच्या हाती द्यावीशी वाटत नाही.

कारण रसायनाचं आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. त्याचा विषारी भाग किती, हे सामूवर ठरतं. सामू ७ असताना एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो. सामू ८.५ झाला, की साध्या उबदार पाण्यात तोच भाग पंधरा टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे जे पाणी या माशांना मानवतं, त्याच पाण्यात घाण जास्त जहरी ठरते. मोठा फिल्टर, दर आठवड्याला ठरावीक पाणी बदलणं आणि अखंड वीज असेल तरच गर्दी पेलते. आपल्याकडे चार तास वीज गेली, फिल्टर आणि हवेचा पंप बंद पडला, की भरगच्च टाकीतले मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करू लागतात. ज्यांनी हे पाहिलंय ते गर्दीला उपाय म्हणताना दोनदा विचार करतात.

आणखी एक गोष्ट. गर्दीत भांडण दिसेनासं होतं, म्हणजे ताण संपतो असं नाही. रोनाल्ड ओल्डफील्ड या अमेरिकी संशोधकानं २०११ मध्ये मध्य अमेरिकेतल्या मायडस सिक्लिडवर केलेल्या अभ्यासात, लहान साध्या टाक्यांच्या तुलनेत मोठ्या आणि आडोसे असलेल्या जागेत या माशांचं आक्रमक वागणं कमी झालेलं दिसलं. प्रजाती वेगळी असली, तरी मुद्दा आपल्या कामाचा आहे. जागा आणि आडोसा यांना पर्याय नाही. चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टाकीत सुमारे अडीचशे लिटर पाणी मावतं. बहुतेक म्बुनांसाठी ही सुरुवात समजावी. माझ्या दोन फुटी टाकीत ५६ लिटर मावत होतं, आणि त्यात मी आठ जणांचा संसार मांडला होता.

मग कुणाला कुणाबरोबर?

चार फुटी टाकी असेल आणि पहिल्यांदाच प्रयत्न करत असाल, तर 'यलो लॅब' हा लिंबासारखा पिवळा, म्बुनांतला त्यातल्या त्यात शांत मासा घ्यावा. एकट्या याच प्रजातीचा आठ-दहा जणांचा गट ठेवला तरी टाकी उजळून निघते. दगडांच्या कपारी भरपूर रचाव्यात. सोबत हवीच असेल तर त्याच स्वभावाचा, पण वेगळ्या रंगाचा, तांबूस-जांभळा 'रस्टी' चालतो. ऑराटसला यात जागा नाही.

पीकॉक आवडत असतील, तर ते पीकॉकबरोबरच ठेवावेत. आक्रमक म्बुनांबरोबर नकोत. पाच-सहा फुटी टाकीत वेगवेगळ्या रंगांचे नुसते नर ठेवायचे आणि मादी एकही ठेवायची नाही, ही पद्धत चांगली चालते. यात संकरित पिल्लांचाही प्रश्न उरत नाही. एरवी मलावीच्या जवळच्या प्रजाती बंद टाकीत एकमेकांत सहज मिसळतात, आणि ती पिल्लं पुन्हा 'मिक्स आफ्रिकन' म्हणून बाजारात येतात.

दोनच फूट जागा आहे? तर टांगानिकाचे शंखवासी मासे बघा. मल्टिफॅसिएटस हा त्यातला सगळ्यांत छोटा, जेमतेम दीड-दोन इंचांचा. तळाशी वाळू आणि गोगलगायीचे रिकामे शंख एवढाच त्याचा संसार. प्रत्येक जण आपला शंख सांभाळतो, वाळू उपसतो, पिल्लं शंखाच्या तोंडाशी खेळतात. मिळायला शोधाशोध करावी लागते, पण मोठ्या टाकीत कोंडलेल्या दहा रंगीत माशांपेक्षा यात बघण्यासारखं जास्त आहे.

सिक्लिडखेरीज सोबती म्हणून सिनोडोंटिस जातीचा आफ्रिकन मार्जारमासा सुचवला जातो. तो काटक आहे आणि बहुधा रात्री फिरतो. मात्र त्यातला मल्टिपंक्टेटस आपल्या कोकिळेच्या जातीचा आहे. सिक्लिडची जोडी अंडी घालत असताना तो मध्येच आपली अंडी सोडतो आणि बिचारी मादी स्वतःच्या अंड्यांबरोबर तीही तोंडात घेते. त्याची पिल्लं आधी फुटतात आणि तिची पिल्लं खाऊन वाढतात. टांगानिका सरोवरातला हा प्रकार तेत्सु सातो या जपानी संशोधकानं १९८६ मध्ये 'नेचर'मध्ये नोंदवला. पिल्लं वाढवायची नसतील तर हा सोबती चालेल. वाढवायची असतील तर नको. संगतीचा विचार असा हेतूपासून करावा लागतो.

काचेबाहेरची चूक

चुकीचा सोबती सोडण्याचा सर्वांत मोठा प्रयोग टाकीत नाही, खुद्द व्हिक्टोरिया सरोवरात झाला. मासेमारी वाढावी म्हणून १९५० च्या दशकात तिथे नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा आणून सोडला गेला. १९८० च्या दशकात त्याची संख्या अफाट वाढली आणि सिक्लिडच्या सुमारे दोनशे प्रजाती नाहीशा झाल्या. सांडपाण्यानं आणि खतांनी गढूळ झालेल्या पाण्यानंही हातभार लावला. पण एका सोबत्याची निवड केवढ्याला पडते, हे त्या सरोवरानं दाखवलं.

आपल्याकडे मोझांबिकची चिलापी १९५२ मध्ये आली. तीही अंडी तोंडात सांभाळणारी. आज ती किती पसरली आहे, हे मच्छीमारांना सांगायला नको. म्हणून हात जोडून सांगतो, भांडकुदळ मासा नकोसा झाला म्हणून तो तळ्यात, नदीत किंवा विहिरीत सोडू नका. त्याला जीवदान दिल्याचं समाधान आपल्याला मिळतं, किंमत तिथले मासे मोजतात. दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या.

आणि मुळात घेतानाच दुकानदाराला विचारा. हा कुठल्या सरोवरातला? काय खातो? पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो, आणि त्याचा रंग काय होतो? उत्तर येत नसेल तर तो मासा त्या दिवशी घेऊ नका. गिऱ्हाईक विचारू लागलं, की माल बदलतो. 'मिक्स आफ्रिकन' विकलं जातं, कारण आपण ते न विचारता घेतो.

दवाखान्यात मी पुन्हा गेलो, तेव्हा डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आधी माझी दाढ तपासली. मग म्हणाले, "म्हणजे दर महिन्याला मासे मरतात ते नेहमीचं नाही?" हा प्रश्न त्यांना आजवर कुणी पडू दिला नव्हता. पुढच्या महिन्यात टाकीवाल्याला नवे मासे सोडू नका, असं सांगायचं त्यांनी कबूल केलं आहे. निळ्याचं काय करायचं, हे अजून ठरायचं आहे.